पैसे गोळा करण्याआधी कागद गोळा करा : बेळगाव भागात गल्लीनं मिळून घर कसं उभं करायचं

आमच्या आत्याकडं एक निळी प्लॅस्टिकची पिशवी आहे. तिचं तोंड दोऱ्यानं बांधलेलं असतं आणि ती कपाटात देवीच्या फोटोमागं असते. आत शंभराच्या स्टँपपेपरवरचा एक करार, म्हणजे बॉन्ड, चार पावत्या आणि पेनानं काढलेला एक नकाशा. २०११ साली मामा उद्यमबागेतल्या फौंड्रीतून सुटले, फंडाचे पैसे हातात आले आणि दोघांनी शहराच्या कडेला एका शेतात एक गुंठा घेतला. चार कोपऱ्यांत दगड रोवले, नारळ फोडला. दगड अजून आहेत, मधे दरवर्षी गवत वाढतं.

घर बांधायला सरकारी मदत मिळते असं कळल्यावर आत्या पंचायतीत गेली. तिथल्या माणसानं एकच विचारलं, "काकू, उतारा तुमच्या नावावर आहे काय?"

तो नव्हता. एवढ्या वर्षांत तो आपल्या नावावर व्हायला हवा होता, हेही तिला कुणी सांगितलं नव्हतं.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात घराचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, पैसा कुठनं आणायचा? मला वाटतं, आपल्याकडं पैसा गोळा होतो. रोज संध्याकाळी पिग्मीवाला दारात येतो, दर महिन्याला भिशी लागते, प्रत्येक गल्लीत बचत गट आहे, दर दोन गल्ल्यांमागं एक पतपुरवठा सोसायटी आहे. घर अडतं ते जमिनीच्या कागदावर. कागद नीट नसला की सरकारी अनुदान नाही, बँकेचं कर्ज नाही, नळ आणि मीटरसाठी वर्षानुवर्षं हेलपाटे. म्हणून या लेखात आधी कागद घेतो, मग मिळून जमीन घेणं, मग पैसा, आणि शेवटी या सगळ्यातून कोण बाहेर राहतं ते.

बॉन्ड, उतारा आणि कन्नडमधला रकाना

शंभर किंवा त्याहून जास्त रुपये किमतीची स्थावर मिळकत विकायची असेल तर दस्त नोंदवावाच लागतो. हा नियम इंग्रजांच्या काळापासूनचा आहे. साध्या बॉन्डवर सह्या, अंगठे, दोन साक्षीदार आणि नोटरीचा शिक्का असला तरी त्यानं मालकी बदलत नाही. सर्वोच्च न्यायालयानं 'सूरज लॅम्प' खटल्यात ऑक्टोबर २०११ मध्ये हे स्पष्ट सांगितलं : नुसता विक्रीचा करार किंवा मुखत्यारपत्र यांनी मिळकतीची मालकी मिळत नाही. आत्यानं बॉन्ड केला तेही नेमकं त्याच वर्षी.

मग शेतकरी नोंदणी करून का देत नाही? बऱ्याचदा देऊच शकत नाही. जमीन शेतीची असते. तिच्यातला तुकडा नोंदवायचा तर मोजणी खात्याचा ११ई नकाशा लागतो. घरासाठी वापरायची तर कर्नाटक जमीन महसूल कायद्याच्या कलम ९५ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडून एनए, म्हणजे बिगरशेती, करावी लागते आणि त्यानंतर लेआउट, म्हणजे प्लॉट-रस्त्यांचा नकाशा, मंजूर करून घ्यावा लागतो. या वाटेला वेळ लागतो, पैसा लागतो. मधला एजंट ही वाट टाळतो, शेतात चुन्याच्या रेघा मारतो आणि गुंठे विकून मोकळा होतो. ज्याला मंजूर लेआउटमधला प्लॉट परवडत नाही तोच गुंठा घेतो. म्हणजे ज्याच्याकडं चुकायला सगळ्यात कमी पैसा आहे त्याच्याच वाट्याला सगळ्यात कच्चा कागद येतो. मला या सगळ्या प्रकारात हेच सर्वांत जास्त खुपतं.

गेल्या वर्षी मी आत्याच्या गुंठ्याचा उतारा काढला. आपल्याकडं कुणी त्याला पहाणी म्हणतं, कुणी आरटीसी. २००० नंतर 'भूमी' योजनेत हे उतारे संगणकावर आले आणि आता कुणालाही सर्व्हे नंबर घालून ते बघता येतात. पण तो कन्नडमध्ये असतो. आत्याची नात कन्नड शाळेत शिकलेली. स्वयंपाकघरात खाली बसून तिनं तो मोठ्यानं वाचला. चार रकाने बघायचे असतात, बाकीचे नंतर बघितले तरी चालतात. रकाना ९ मालकाचा. तिथं ज्याच्याकडून गुंठा घेतला त्याचं एकट्याचं नाव नव्हतंच, तो आणि त्याचे तीन भाऊ अशी चार नावं होती. बॉन्डवर सही एकाची. रकाना १० मध्ये ती जमीन त्यांच्याकडं कशी आली ते असतं : वारसानं, खरेदीनं की सरकारी आदेशानं. रकाना ११ मध्ये हक्क आणि बोजे. तिथं सोसायटीचं पीककर्ज चढलेलं. रकाना १२ पीक आणि कसणाऱ्याचा. तिथं अजून भात होतं.

"म्हणजे आमच्या घरात भात पिकतोय व्हय?" आत्यानं विचारलं. कुणी काही बोललं नाही.

रकाना १० बघायचं आणखी एक कारण आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या कुटुंबांना सरकारनं दिलेली जमीन १९७८ च्या कर्नाटक कायद्यानुसार सरकारच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. अशी विक्री झाली तर ती रद्द होऊन जमीन मूळ कुटुंबाकडं परत जाऊ शकते, आणि ते योग्यच आहे, कारण ती त्यांच्याकडून पडत्या भावात काढून घेतली जाऊ नये म्हणूनच कायदा झाला. इनाम, वतन किंवा देवस्थानची जमीन असेल तर तिचेही वेगळे नियम असतात. एवढं वाचल्याशिवाय विसार देऊ नका.

उताऱ्याच्या जोडीनं ईसी काढायची. उपनिबंधक कार्यालयातून हा भार-दाखला मिळतो. त्या मिळकतीवर नोंदवलेले व्यवहार असतील तर नमुना १५ येतो, काहीच नोंदलेलं नसेल तर नमुना १६. शक्यतो तीस वर्षांची काढावी. ग्रामपंचायत हद्दीत ई-स्वत्तूचा, म्हणजे पंचायतीच्या संगणकावरच्या मिळकत-नोंदीचा, नमुना ९ आणि ११ए असला तर खरेदीखत होतं, बँकही विचार करते. ११बी किंवा शहरातला 'बी खाता' मिळाला म्हणून पेढे वाटणारे मी बघितले आहेत. त्यानं घरपट्टी भरता येते, तुमची नोंद राहते, तेही काही कमी नाही. पण बी खात्यानं लेआउट मंजूर झाला असं होत नाही.

भाषेचा मुद्दा इथं टाळता येत नाही. खरेदीखत कन्नडमध्ये, नोटीस कन्नडमध्ये, आणि सही करणारी बाई आयुष्यभर मराठी बोललेली. ज्याला वाचता येतं त्याच्यावर विसंबून राहावं लागतं आणि फसवणूक बहुतेक वेळा इथंच होते. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० प्रमाणे आपली तक्रार किंवा अर्ज केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत देता येतो, म्हणजे मराठीतही. हक्काचा प्रश्न म्हणून तो जरूर वापरावा. पण कागदाच्या बाबतीत माझा सल्ला रोखठोक आहे : गल्लीत कन्नड वाचणारी दोन मुलं-मुली शोधा, त्यांना हे चार रकाने शिकवा. येळ्ळूर असो की उचगाव, अशी मुलं आता घराघरांत आहेत.

एकट्यानं गुंठा, की मिळून एकर?

एकेकट्यानं गुंठा घेण्याला पर्याय आहे, आणि तो आपल्या मुलखाला नवा नाही. १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा आला आणि दुसऱ्याच वर्षी, १९०५ मध्ये, गदगजवळच्या कणगिनहाळमध्ये सिद्धनगौडा पाटलांनी देशातली पहिली शेती पतसंस्था काढली. ते गाव तेव्हा धारवाड जिल्ह्यात, बेळगावसारखंच मुंबई इलाख्यात होतं. त्याच इलाख्यात, मुंबईच्या गावदेवीत, १९१५ साली सारस्वत मंडळींनी सहकारी गृहनिर्माण संस्था उभी केली. म्हणजे उत्तरेकडून घराचा सहकार आणि दक्षिणेकडून पैशाचा सहकार, दोन्ही आपल्या दारावरूनच गेलेत.

महाराष्ट्रात गृहनिर्माण सोसायटी म्हटलं की फ्लॅटची इमारत डोळ्यांपुढं येते. कर्नाटकात १९५९ च्या सहकारी संस्था कायद्याखाली ज्या घरबांधणी संस्था आहेत त्यांचं काम बहुतेक वेळा वेगळं असतं : सभासदांचे पैसे एकत्र करून शेतजमीन घेणं, ती एनए करणं, लेआउट मंजूर करून रस्ते-गटार-वीज करणं आणि प्लॉट सभासदांना देणं. बेळगाव शहर आणि आसपासच्या गावांत लेआउटची मंजुरी बुडाकडून, म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरणाकडून, घ्यावी लागते. त्याआधी बघायचं की जमीन त्यांच्या आराखड्यात निवासी पट्ट्यात आहे की हिरव्या, म्हणजे शेतीच्या पट्ट्यात. हिरव्यात असेल तर पुढचा सगळा खर्च पाण्यात जातो.

हिशेब मांडून बघू. एक एकर म्हणजे ४० गुंठे, ४३,५६० चौरस फूट. मंजूर लेआउटमध्ये रस्ते, बाग आणि सार्वजनिक सोयींची जागा सोडावी लागते, त्यामुळं प्लॉटसाठी ढोबळ मानानं ५५ टक्के जागा उरते असं धरू. म्हणजे जवळजवळ २४,००० चौरस फूट. तीस-चाळीसचा, म्हणजे १,२०० फुटांचा प्लॉट काढला तर २० प्लॉट होतात. समजा, जमीन ६० लाखांना मिळाली आणि एनए, मंजुरी, रस्ता, गटार, विजेचे खांब यांना २५ लाख लागले. एकूण ८५ लाख. वीस घरांत वाटले तर प्रत्येकी सव्वाचार लाख. आता तोच प्लॉट वीस-तीसचा, ६०० फुटांचा केला तर ४० प्लॉट होतील आणि खर्च जवळपास निम्म्यावर येईल. आकडे मी उदाहरणासाठी घेतलेत, तुमच्या गावचा भाव घालून तुम्ही करून बघा. पण यातनं एक गोष्ट कळते. स्वस्त घर हवं असेल तर प्लॉट लहान आणि कागद पक्का, ही जोडी लागते. आपण आजवर उलटं करत आलो, प्लॉट मोठा आणि कागद कच्चा.

सहकारी संस्थेत एक सभासद, एक मत. पन्नास शेअर घेतलेल्यालाही एकच. दरवर्षी लेखापरीक्षण, दरवर्षी सर्वसाधारण सभा, नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत. हे नियम वाचायला कंटाळवाणे वाटतात, पण एजंटाच्या बाबतीत यातलं एकही नसतं. संस्थाही बुडतात, संचालक आपल्या पाहुण्यांना कोपऱ्याचे प्लॉट देतात, सभासदांची यादी फुगवतात. म्हणून सर्वसाधारण सभेला जायचं आणि तिथं ताळेबंद मागायचा. सभेला जाऊन नुसता चहा घेऊन आलेल्या सभासदांच्या संस्था मोडतात.

गल्लीतला पैसा कशाला पुरतो, कशाला नाही

भिशी कशी चालते ते आपल्याला माहीत असतं, पण तिच्याकडं घराच्या नजरेनं बघू. वीस जण, महिना पाच हजार, म्हणजे दर महिन्याला लाख रुपये. बोलीची भिशी असेल तर ज्याला गरज आहे तो काही रक्कम सोडायची बोली लावतो. एखादा १५,००० सोडतो, ८५,००० घेऊन जातो आणि सोडलेले पैसे वीस जणांत ७५० प्रमाणे वाटले जातात. गरजवंताला पैसा तातडीनं मिळतो, थांबू शकणाऱ्याला थोडा फायदा होतो. पण ही वीस महिन्यांची गोष्ट आहे, आणि भिशी चालवणारा पळाला तर पोलिसांत सांगायलाही कागद नसतो. १९८२ च्या चिट फंड कायद्याखाली नोंदवलेली भिशी वेगळी, गल्लीतली वेगळी.

पिग्मीचा जन्म कर्नाटकातलाच. १९२८ मध्ये उडुपीच्या सिंडिकेट बँकेनं, तेव्हा तिचं नाव वेगळं होतं, रोज दोन आणे घरी येऊन गोळा करायला सुरुवात केली. मागावर बसणारे, हातगाडीवाले, रोजंदारीवाले यांना बँकेत जायला वेळ नसतो, म्हणून बँक दारात. वडगाव-शहापूरच्या विणकर गल्ल्यांत आजही पिग्मी हा बचतीचा नेहमीचा मार्ग आहे. एक सावधगिरी : बँकेत, मग ती सहकारी नागरी बँक का असेना, ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेतल्या किंवा १९९७ च्या कायद्याखालच्या सौहार्द सोसायटीतल्या ठेवीला तो विमा नसतो. पाटीवर मोठ्या अक्षरात काहीही लिहिलेलं असो. घरासाठी साठवलेली सगळी रक्कम एका सोसायटीत ठेवू नका.

आता कर्ज. सोसायटी ओळखीवर देते, कागद कमी मागते, पण मुदत छोटी आणि व्याज जास्त. ८ लाख रुपये १४ टक्क्यांनी ५ वर्षांसाठी घेतले तर महिन्याचा हप्ता साधारण १८,६०० रुपये. तेच ९ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतले तर साधारण ७,२००. वीस वर्षांत व्याजापोटी एकूण रक्कम जास्त जाते हे खरं, ते लपवायचं कारण नाही. पण महिना वीस-बावीस हजार कमावणाऱ्या घराला १८,६०० चा हप्ता झेपतच नाही. आणि वीस वर्षांचं कर्ज कुणाला मिळतं? ज्याचा कागद पक्का आहे त्याला. पंतप्रधान आवास योजनेच्या (शहरी) २०२४ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात पहिल्या ८ लाखांच्या कर्जावर व्याजात ४ टक्के सूट आहे, जास्तीत जास्त १ लाख ८० हजार रुपये, पाच वार्षिक हप्त्यांत. स्वतःच्या जागेवर बांधणाऱ्या, वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा वाटा मिळतो. ग्रामीण भागात केंद्र-राज्य मिळून १ लाख २० हजार, शिवाय शौचालयाचे १२ हजार. या सगळ्या दारांवर कुलूप एकच, जागेचा कागद.

मग गल्लीतला पैसा कुठं कामाला येतो? माझ्या मते दोन हप्त्यांच्या मधे. सरकारी अनुदान एकदम हातात पडत नाही. पाया झाला की फोटो, मग हप्ता. लिंटेल झालं की फोटो, मग हप्ता. मग स्लॅब, मग पूर्ण झाल्यावर शेवटचा. म्हणजे पाया आधी स्वतःच्या पैशानं घालावा लागतो. ज्या बाईकडं पायाचेच पैसे नाहीत तिचं नाव यादीत येऊनही घर उभं राहत नाही, आणि पाया घालायला ती खासगी सावकाराकडं जाते. इथं पंधरा बायकांचा बचत गट चाळीस-पन्नास हजार तीन महिन्यांसाठी देऊ शकतो. हप्ता खात्यावर आला की तो परत, आणि पुढच्या घराला. कर्नाटकात २००० सालापासूनचे स्त्रीशक्ती संघ आहेत, बँकेशी जोडलेले गट त्याच्याही आधीपासून आहेत. त्यांचा पैसा लहान आणि थोड्या मुदतीचा असतो, आणि ही गरजही लहान आणि थोड्या मुदतीचीच आहे. आठ-दहा घरांचं सिमेंट, सळी आणि वीट एकत्र घेतली तर भावातही फरक पडतो, आणि गवंडीही एका घरावरून दुसऱ्या घरावर सलग काम करतो.

मोठ्या आकड्यावर हेच बघायचं असेल तर सोलापूर बघा. विडी वळणाऱ्या बायकांनी कामगार नेते नरसय्या आडम यांच्या पुढाकारानं सहकारी गृहनिर्माण संस्था केली आणि कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीत १०,००० घरं उभी राहिली, २००६ साली चाव्या मिळाल्या. त्यानंतर असंघटित कामगारांसाठी ३०,००० घरांचं रे नगर आलं, त्यातल्या १५,००० घरांचा ताबा जानेवारी २०२४ मध्ये दिला गेला. केंद्राचा वाटा, राज्याचा वाटा, कामगाराचा वाटा असे पैसे जुळवले. निपाणीतही विडी आणि तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या बायका आहेत, त्यांनी लढेही केलेत. सोलापूरच्या बायकांकडं त्यांच्यापेक्षा जास्त पैसा नव्हता. त्यांच्याकडं एक यादी होती, एक संघटना होती आणि वर्षानुवर्षं मोर्चे काढायची चिकाटी होती.

कोण बाहेर राहतं

परवडणारं घर म्हटलं की आपण किमतीवर थांबतो. पण यादीत नाव कुणाचं येतं, सभासद कुणाला करतात, हाही तितकाच मोठा प्रश्न आहे. गावात लाभार्थी ग्रामसभेत ठरतात, त्याआधी वॉर्डसभा होते. शहरात आमदारांच्या अध्यक्षतेखालची आश्रय समिती असते. ग्रामसभेला जी घरं येत नाहीत ती यादीत येत नाहीत : वीटभट्टीवर गेलेली, भाड्यानं राहणारी, गावाबाहेरच्या वस्तीतली. सरकारी जागेवर वर्षानुवर्षं राहणाऱ्यांसाठी महसूल कायद्यात ९४सी, आणि शहरात ९४सीसी, अशी कलमं आहेत, ठरलेल्या अटींत घराखालची जागा नावावर होऊ शकते. ज्यांना याची खरी गरज आहे त्यांच्यापर्यंत ही अक्षरंसुद्धा पोचत नाहीत.

सहकारी संस्थेच्या बाबतीत एक कडू गोष्ट सांगायला हवी. २००५ साली अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की संस्था आपलं सभासदत्व एका समाजापुरतं ठेवू शकते. म्हणजे न्याय आपोआप येत नाही, पोटनियमांत आपणच लिहावा लागतो. सीमाभागातल्या मराठी माणसाला भाषेवरून बाजूला ठेवलं जाणं म्हणजे काय ते कुणी शिकवायला नको. त्याच माणसानं दलित कुटुंबाला, मुसलमान विणकराला, एकट्या बाईला किंवा कन्नड बोलणाऱ्या शेजाऱ्याला "आमच्या लेआउटमध्ये नको" म्हणावं, हे मला सहन होत नाही. सभासदत्वाची अट एकच असावी : घर नाही आणि उत्पन्न इतक्याच्या आत आहे.

दुसरा नियम नावाचा. सरकारी योजनांत घर बाईच्या नावे किंवा दोघांच्या नावे होतं. खासगी गुंठा मात्र पुरुषाच्या नावावर, आणि तो गेला की दीर-पुतणे दारात. कर्नाटकानं १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत समान हिस्सेदार केलं. तरी हक्कसोडपत्रावर बहिणीची सही घ्यायला लोक राखीपौर्णिमेचाच मुहूर्त धरतात. संस्थेनं प्लॉट देतानाच दोघांची नावं घातली तर हा प्रश्न पुष्कळसा मिटतो.

तिसरा नियम विक्रीचा. स्वस्तात मिळालेला प्लॉट दोन वर्षांत दुप्पट भावानं विकला तर पुढच्या गरीब घराला काय उरलं? अमेरिकेत बर्लिंग्टन गावात १९८४ पासून एक न्यास जमीन स्वतःकडं ठेवतो आणि घर कुटुंबाला देतो. कुटुंबाला विकायचं झालं तर वाढलेल्या किमतीतला ठरलेलाच हिस्सा मिळतो, त्यामुळं घर पुढच्यालाही परवडतं. उरुग्वेत १९६८ च्या कायद्यानंतर अशा सहकारी संस्था झाल्या की प्रत्येक कुटुंब बांधकामावर आठवड्याला २१ तास श्रम देतं आणि मालकी संस्थेची राहते. श्रमदान आपल्याला परकं नाही, देवळं आणि तालमी अशाच बांधल्यात. जमीन संस्थेकडं ठेवणं आपल्या लोकांना लगेच पटणार नाही, सातबारा-उतारा नावावर असण्याची ओढ आपल्यात खोल आहे. पण निदान ठरावीक वर्षं विकायचं नाही आणि विकायचं झालं तर आधी संस्थेला विचारायचं, एवढं पोटनियमात घालता येतं.

छत्तीस गुंठे

आत्याच्या शेतात असे छत्तीस जण निघाले. कुणी मच्छे गावच्या कारखान्यात, कुणी रिक्षावाला, दोघी शाळेत स्वयंपाक करणाऱ्या. एका रविवारी मारुतीच्या देवळात सगळे जमले. पहिल्या बैठकीत वर्गणी गोळा करायचा विचार होता, तो आम्ही थांबवला आणि एक वही केली : कुणाचा बॉन्ड, कुठल्या तारखेचा, सही कुणाची, किती पैसे दिले. शेतकऱ्याच्या तीन भावांशी बोलणी झाली. पिकाचं कर्ज फेडायला किती लागतील ते सोसायटीत जाऊन विचारलं. जमीन निवासी पट्ट्यात आहे हे बुडाच्या आराखड्यात बघून घेतलं.

खरा वाद झाला तो फुटांवर. सगळा एकर एकत्र एनए करून लेआउट करायचा तर रस्ता आणि बाग सोडून छत्तीस जणांना गुंठा, म्हणजे १,०८९ फूट, पुरत नाही. वीस-तीसचे छत्तीस प्लॉट मात्र बसतात. रस्त्याकडेला ज्यांचा गुंठा आहे ते म्हणाले, आम्ही जास्त पैसे दिलेत, आम्ही का सोडायचं? एकानं आधीच दोन खोल्या बांधल्यात, त्या नकाशातल्या रस्त्यात येतात. चार बैठका झाल्या. शेवटी असं ठरलं की सगळ्यांचे फूट सारखे होतील, रस्त्याकडेच्यांना त्यांनी जादा दिलेले पैसे बाकीच्यांनी वाटून द्यायचे, आणि खोल्या वाचतील असा रस्ता वळवून नकाशा करायला सर्व्हेअरला सांगायचं. सह्या पस्तीस झाल्यात. छत्तिसावे पुण्याला असतात, त्यांना पत्र गेलंय. अर्ज अजून द्यायचा आहे, तो मंजूर व्हायला किती दिवस लागतील ते पुढं कळेल.

त्या रात्री आत्यानं मला विचारलं, "वीस-तीस म्हणजे किती रे?" मी फूटपट्टीनं सांगायला लागलो तर ती उठली, दोरीवरचं नऊवारी घेतलं आणि अंगणात पसरलं. नऊ वार म्हणजे सत्तावीस फूट, वर दोन हात धरून तीस. मग तेच लुगडं आडवं धरून मी पावलांनी वीस मोजले. चारी कोपऱ्यांत तिनं चार तांबे ठेवले आणि मधे उभी राहिली. थोडा वेळ ती नुसतीच इकडं-तिकडं बघत होती. मग पूर्वेच्या कोपऱ्याकडं बोट करून म्हणाली, "चूल हितं बसतीय की."